एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ आलंय, कळ डाव्या पायात जाते. नस दबली असेल का?

नुसत्या रिपोर्टवरून हे ठरत नाही. ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली चकती दिसते, आणि वय वाढतं तशी जास्तच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे फिल्म बघण्याआधी विचारते: कळ नेमकी कुठपर्यंत जाते? कुल्ल्यात किंवा मांडीमागे रेंगाळणारं बोथट दुखणं स्नायूंचं किंवा सांध्याचंही असतं. पण कळ विजेसारखी गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात, खोकला-शिंक आली की सणक जाते आणि कंबरेपेक्षा पायच जास्त छळतो, असं असेल तर नसेच्या मुळाचा संशय येतो.

मग मोजे काढायला लावते. एल४-एल५ची चकती एका बाजूला मागे सरकली तर बहुधा एल५ची नस दबते. एल४ची त्याआधीच वरून बाहेर पडलेली असते. एल५ दुखावली की पावलाची वरची बाजू अंगठ्याकडे बधिर लागते. पायाचा अंगठा वर ताणून धरायला सांगून मी तो बोटाने खाली दाबते. चांगल्या बाजूचा अंगठा दाद देत नाही, दुखऱ्या बाजूचा लगेच झुकतो. टाचांवर चालणंही जड जातं. एस१ची, म्हणजे एल५च्या खालची, नस दबली असेल तर करंगळीकडची कड बधिर होते, एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं जमत नाही आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल उडत नाही.

उताणं झोपवून पाय सरळ उचलतात ती चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण तिचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो. मांडीमागे नुसती ओढ बसली तर ते आखडलेले स्नायू. साधारण ३० ते ७० अंशांत नेहमीचीच कळ गुडघ्याखाली उतरली तरच ती नसेची धरायची. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर मात्र नस दबल्याची माझी जवळपास खात्री पटते. असं क्वचितच दिसतं.

नस दबलेली निघाली तरी बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत, ऑपरेशनशिवाय, बराच आराम पडतो. मात्र लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा. चालताना पाऊल लोंबायला लागलं तरी अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.