मृत्युपत्राचं प्रोबेट (कोर्टाचं शिक्कामोर्तब) मिळून वर्ष होत आलं, फ्लॅटचं काम अडलंय, हिशेब पूर्ण नाही. कोर्ट मुदतवाढ देतं का?

देतं. तुमचं कारण खरं असेल आणि अर्ज वेळेत केलात तर सहसा अडचण येत नाही.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्याच वाक्यामुळे. तुम्ही म्हणता, वारस ऐकवतायत की 'वर्ष संपलं की तुमचा अधिकार संपला, आता मालमत्ता आमच्या ताब्यात द्या.' अगदी हेच मी माझ्या चुलतभावाकडून, दादाकडून ऐकलंय. लग्नाकार्यात, फोनवर, एकदा तर चक्क माझ्या सासूबाईंसमोर.

हे साफ खोटं आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं ३१७ वं कलम वाचा. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्चाचा हिशेब त्याच कोर्टात द्यायचा, किंवा कोर्ट ठरवून देईल त्या वाढीव मुदतीत. ही मुदत कागद दाखल करण्याची आहे. ती टळली म्हणून एक्झिक्युटरपण (मृत्युपत्र अंमलात आणायचा अधिकार) आपोआप गळून पडत नाही. वाढ किती वेळा मागावी याला या कलमात मर्यादा नाही, न्यायाधीशांना पटलं पाहिजे एवढंच.

वारसांच्या डोक्यात बहुधा ३३७ वं कलम असतं. तिथलं वर्ष मृत्यूच्या दिवसापासून मोजतात आणि ते एक्झिक्युटरच्या संरक्षणासाठी आहे: त्या वर्षाच्या आत कोणालाही त्याचा वाटा द्यायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. आमचा दादा ही दोन्ही वर्षं एकत्र कालवायचा आणि त्यातून स्वतःला हवं ते काढायचा.

आमचं प्रकरण असं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिने मला एक्झिक्युटर नेमलं. तिला शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या ताईंना एक ठरावीक रक्कम आणि उरलेलं सगळं दादाला, असं मृत्युपत्र. मला त्यातून एक पैसाही नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मीच पैसे दाबून बसलेय असं बोललं गेलं. ठेवी सहज सुटल्या. अडले ते शेअर. कागदी सर्टिफिकिटं, त्यावर काकांचं नाव आधी आणि आत्याचं नंतर, तेही वेगळ्या स्पेलिंगने. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही की शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तसे ते झालेले. ते परत मिळवायचे तर आधी कंपनीने पडताळणी करायची, मग निधीच्या कार्यालयाने. कंपनीचं पत्र यायचं तेव्हा त्यात नेहमी आणखी एखादा कागद मागितलेला असायचा. हे सगळं वर्षात बसवून दाखवा म्हणणाऱ्याने स्वतः एकदा तो फॉर्म भरावा.

दादाचं म्हणणं, शेअरचं राहू दे, आहे ते वाटून टाक आणि हिशेब मग निवांत दे. आमच्या ओळखीतल्या एका वकिलांनीही सांगितलं की हिशेब कोर्टात कोणी देत नाही हो, कोण विचारतंय! हा सल्ला मला आजही बेजबाबदार वाटतो. जाणूनबुजून आणि सबळ कारणाशिवाय यादी किंवा हिशेब दिला नाही तर २६३ व्या कलमाखाली प्रोबेट रद्द होऊ शकतं. कोर्टाने मागूनही मुद्दाम दिला नाही तर तो गुन्हा धरला जातो. आणि घाईने वाटण्याबद्दल सांगायचं तर ३५७ वं कलम आहे: तुम्ही आपणहून एखाद्याला त्याची रक्कम देऊन टाकली आणि नंतर बाकीच्यांना द्यायला पैसा पुरला नाही, तर दिलेलं परत मागता येत नाही. एक्झिक्युटरच्या चुकीने मालमत्तेचं नुकसान झालं तर ते त्याच्याच खिशातून भरून निघतं. दादाच्या खिशातून नाही.

त्यात आत्याच्या नावाने आयकराची जुन्या वर्षाची नोटीस आली. मी आधीच वाटप केलं असतं तर? हा प्रश्न मी दादाला लेखी विचारला होता. उत्तर अजून यायचंय.

ताईंच्या थकलेल्या पगारावरूनही तो भांडला. 'तिला मृत्युपत्रात पैसे मिळतायत ना, मग पगार कशाला?' मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली घरकामगाराची मजुरी अंत्यविधी, आजारपण आणि प्रोबेटच्या खर्चानंतर लगेच येते, इतर कर्जांच्याही आधी. आणि मृत्युपत्रातली रक्कम त्या थकबाकीपोटी आहे असं त्यात लिहिलेलं नसेल तर माणसाला दोन्ही मिळतं. मी दोन्ही दिलं.

तर तुमचा अर्ज. मुदत संपण्याआधी करा, प्रतिज्ञापत्रासह. 'काम बाकी आहे' एवढंच लिहू नका. काय जमा झालं, काय फेडलं, फ्लॅटचं नेमकं कुठे आणि कोणामुळे अडलंय, त्याचा पत्रव्यवहार, आणि किती महिने हवेत, हे लिहा. यादी अजून दिली नसेल तर ती आधी द्या. सहा महिन्यांची मुदत तुमची कधीच उलटलीय आणि न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील. आमच्या न्यायाधीशांनी तोच विचारला. यादी वेळेत दाखल होती, म्हणून पुढचं दोन मिनिटांत आटोपलं.

एक मात्र ध्यानात ठेवा. ही वाढ हिशेबापुरती. मृत्युपत्रात एखाद्याला ठरावीक रक्कम असेल आणि ती कधी द्यायची ते लिहिलं नसेल, तर मृत्यूनंतर वर्ष उलटलं की तिच्यावर व्याज चालू होतं, हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रात सालिना ६ टक्के. मुदतवाढीने ते थांबत नाही. त्यामुळे देणी फेडून पैसा पुरतोय याची खात्री झाली की अशा रकमा आधी मोकळ्या करा. आणि तुमच्याकडे प्रोबेट नसून नुसतं वारस प्रमाणपत्र असेल तर मी वर लिहिलेलं जसंच्या तसं लावू नका, वकिलाला विचारा.

अर्जाची प्रत सगळ्या वारसांना नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने पाठवा. दादाने ती घेतली नाही. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेलं ते पाकीट मी तसंच कोर्टात जोडलं.