ॲप ‘नाही’ म्हणतंय, ते बरोबरच आहे

प्रश्न : ताई, मी ऐरोलीतल्या एका छोट्या कंपनीत अँड्रॉइड ॲपचं काम करतो. जेवणाच्या डब्यांची ऑर्डर घेणारं ॲप आहे. काही ग्राहकांची ऑर्डर दोनदा पडते, म्हणून ॲप सर्व्हरला नक्की काय पाठवतं ते बघायला लॅपटॉपवर चार्ल्स (ॲप आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं. फोनच्या वायफायमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला थांबा म्हणून लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट ८८८८ दिला, चार्ल्सचं सर्टिफिकेटही फोनमध्ये टाकलं. क्रोममधलं सगळं वाचता येतं. आमचं ॲप मात्र ‘इंटरनेट तपासा’ म्हणतं आणि चार्ल्समध्ये आमच्या सर्व्हरपुढे लाल फुली येते. सीनियर म्हणतात, कोडमधली सर्टिफिकेटची तपासणी तात्पुरती बंद कर. करू का?

— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नका करू.

क्रोमचं दिसतंय, म्हणजे आयपी, पोर्ट, सर्टिफिकेट जागेवर आहे. तिथे पुन्हा हात घालू नका. लाल फुलीसकट का होईना, तुमच्या ॲपची नोंद उमटतेय, म्हणजे ते प्रॉक्सीपर्यंत पोचतंय. (फ्लटरचं ॲप असतं तर बहुधा नोंदच आली नसती; ते फोनची प्रॉक्सी सेटिंग आपणहून पाळत नाही.) अडतंय ते हँडशेकला, म्हणजे सर्टिफिकेट बघून सर्व्हरची ओळख पटवली जाते तिथे. चार्ल्स मध्ये उभं राहून तुमच्या सर्व्हरच्या नावाने स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतं. आणि २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून, आपण फोनमध्ये टाकलेलं सर्टिफिकेट ॲप आपणहून मानत नाही. क्रोम मानतं.

तेव्हा तपासणी बंद करण्याऐवजी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची (ॲपने कोणती सर्टिफिकेटं मानायची ते सांगणारी) एक्सएमएल फाइल करा. तिच्यात डीबग-ओव्हरराइड्सखाली ‘युझर’ सर्टिफिकेट मान्य करा आणि मॅनिफेस्टच्या ॲप्लिकेशन टॅगमध्ये तिचं नाव द्या. ही सूट फक्त डीबग बिल्डला (आपल्या चाचणीच्या आवृत्तीला) मिळते, ग्राहकांकडे जाणाऱ्या रिलीजला नाही.

‘तात्पुरतं’ या शब्दाची मला धास्ती आहे. महापेला एमआयडीसीत नोकरीला असताना हीच तपासणी मी माझ्या हाताने तात्पुरती बंद केली होती. महिन्याभराने ठाण्याला घरी, दुसऱ्याच कामासाठी नव्या फोनवर प्रॉक्सी लावली. सर्टिफिकेट अजून टाकलंही नव्हतं. प्ले स्टोअरवरून घेतलेलं आमचं ॲप उघडून लॉगिन केलं, तर माझा पासवर्ड लॅपटॉपवर लख्ख दिसला. फुकटच्या वायफायवर मध्ये बसलेल्या कुणालाही आमच्या ग्राहकांचे पासवर्ड असेच वाचता आले असते. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या ट्रान्स-हार्बर लोकलने गेले, ती ओळ काढली आणि सगळ्या ग्राहकांना पासवर्ड बदलायला लावले. तेव्हापासून प्रत्येक रिलीज बिल्ड मी प्रॉक्सीवर, सर्टिफिकेट न टाकता चालवून बघते. लाल फुली आली तरच पुढे पाठवते.

आता तुमची दुहेरी ऑर्डर. चार्ल्समधलं थ्रॉटल चालू करून नेट मुद्दाम मंद करा आणि ऑर्डर द्या. ऑर्डरच्या दोन रिक्वेस्ट क्षणाच्या अंतराने निघाल्या तर बटण दोनदा दाबलं जातंय. टाइमआउटइतक्या (ॲप उत्तराची जितका वेळ वाट बघतं तितक्या) अंतराने निघाल्या तर ॲप पुन्हा प्रयत्न करतंय. एकच निघाली तर दोष सर्व्हरकडे शोधा. कारण काहीही निघो, प्रत्येक ऑर्डरसोबत ॲपनेच एक वेगळा क्रमांक पाठवावा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच ठेवावा, म्हणजे तो दुसऱ्यांदा आला की सर्व्हरला ओळखता येईल.

हे सगळं टेस्ट अकाउंटवरच करा. चार्ल्सची सेशन फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, तिच्यात लॉगिनचे टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) असतात. काम झालं की फोनमधलं ते सर्टिफिकेट त्याच दिवशी काढा.