एडीसीमधला लिंकर जितका पक्का तितका चांगला, असं का नाही?

तुम्ही सोलापुरात एम.एस्सी. करताय आणि सेमिनार एडीसीवर, म्हणजे अँटिबॉडीला विषारी औषध बांधून ते कर्करोगाच्या पेशीत पोचवण्यावर आहे, म्हणून घरचंच उदाहरण देतो. आपली कडक भाकरी. महिनाभर डब्यात ठेवा, तशीच राहते; आमटीत चुरली की मऊ. लिंकर, म्हणजे अँटिबॉडी आणि औषध जोडणारा दुवा, असाच हवा. रक्तात दिवसेंदिवस कडक, पेशीत शिरला की सुटणारा. आमटी कसली, एवढं ठरवायचं.

सुरुवातीला आंबट आमटी निवडली गेली. रक्ताचा पीएच 7.4, लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, 5 च्या आसपास, आणि हायड्रॅझोन नावाचा लिंकर आम्लात तुटतो. पण तो रक्तातही थोडाथोडा सुटतच राहतो. 2000 साली मंजूर झालेल्या मायलोटार्ग या एडीसीमध्ये हाच होता.

शिकायला मात्र व्हॅलीन-सिट्रुलीन हा दोन अमिनो आम्लांचा लिंकर घ्या. 2011 च्या अ‍ॅडसेट्रिस या एडीसीमध्ये तोच आहे. लायसोसोममधलं कॅथेप्सिन बी हे एन्झाइम सिट्रुलीनच्या पुढचा अमाइड बंध कापतं. औषध थेट तिथेच चिकटवलं तर एन्झाइमला तोंड घालायला जागा नाही, म्हणून मध्ये पॅरा-अमिनोबेंझिलचा तुकडा. बंध तुटला की तो आपोआप कोसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एमएमएई, म्हणजे त्यातलं विषारी औषध, जसंच्या तसं मोकळं होतं. वहीत बाण काढून एकदा सोडवा, मजा येते.

न तुटणारा लिंकरही चालतो, कॅडसायला या एडीसीत तोच आहे. पण तिथे अख्खी अँटिबॉडी पचावी लागते आणि औषध अँटिबॉडीतल्या लायसीन या अमिनो आम्लाची शेपटी घेऊनच बाहेर पडतं. त्यावर प्रभार असल्याने ते शेजारच्या पेशीत सहज शिरत नाही. एमएमएई शिरतं. गाठीतल्या सगळ्याच पेशींवर लक्ष्याचं प्रथिन नसतं, तेव्हा हा फरक मोठा.

आता मी कुठे फसलो ते. आमचा व्हॅल-सिट उंदराच्या प्लाझ्मात ठेवला, तर एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोकळ्या औषधाचं पीक वाढतच चाललं. पंधरा दिवस मी स्वतःच्या सिंथेसिसला शिव्या घातल्या, कॉलम बदलले, सगळं परत बनवलं. शेवटी सहज म्हणून माणसाच्या प्लाझ्मात लावलं, तर जवळजवळ काहीच सुटेना! उंदराच्या रक्तात एक कार्बोक्झिलेस्टरेज एन्झाइम फिरत असतं, सीईएस1सी, ते हा बंध कापतं. माणसाच्या प्लाझ्मात ते नसतं. व्हॅलीनच्या अलीकडे ग्लुटामिक आम्ल जोडलं की लिंकर उंदरातही टिकतो.

तेव्हा स्थिरतेचा आलेख दाखवाल तिथे प्लाझ्मा कुणाचा, ते आधी लिहा. परीक्षक पहिलं तेच विचारतील.