सिंह नाहीत, म्हणूनच जा

प्रश्न : माझं वय ६३, पत्नीचं ५८. मुलगा नैरोबीत नोकरीला आहे, ऑगस्टमध्ये त्याच्याकडे जातोय. जो तो सांगतो, मसाई मारा चुकवू नका. पण सौ.च्या कमरेचं दुखणं असं, की जीपमध्ये दिवसभर हादरे खात बसणं तिला झेपणार नाही. चालण्यात मात्र ती माझ्या पुढे. रोज सकाळी आम्ही अजिंक्यतारा चढतो. पायी फिरता येईल आणि चार जनावरंही दिसतील, असं एखादं लहान जंगल नैरोबीजवळ आहे का? आणि चालताना सिंह समोर आला तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. नैवाशाला गुलाबाच्या शेतीवर मी नोकरीला होतो. (तिथल्या पॉलिहाऊसांत मराठी माणूस हमखास भेटतो, बहुतेक राहुरीचा नाहीतर दापोलीचा कृषी पदवीधर.) रविवारी सुट्टी मिळाली की आम्ही भाड्याची सायकल घेऊन हेल्स गेटमध्ये शिरायचो. नैरोबीपासून नव्वदेक किलोमीटर, क्षेत्रफळ जेमतेम ६८ चौरस किलोमीटर. १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. गाडीतून न उतरण्याचा नियम केनियातल्या बहुतेक उद्यानांत कडक आहे. इथे मात्र पायी किंवा सायकलवर खुशाल फिरा. सिंह इथे सहसा नसतात, म्हणून तर ही मोकळीक. बिबट्या आहे, पण तो तुमच्यापासून लांब राहण्यात पटाईत. हत्तीही नाहीत. ‘सिंह नाही पाहिला?’ असं परतल्यावर शेजारी विचारणार, त्याची तयारी ठेवा.

एल्सा गेटमधून आत गेलात की थोड्याच अंतरावर फिशर्स टॉवर नावाचा पंचवीसेक मीटरचा सुळका लागतो. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा तेवढा उरला, भोवतालचं झिजून गेलं. मसाई लोक सांगतात, लग्न होऊन निघालेल्या मुलीने माहेराकडे वळून पाहिलं आणि तिचा दगड झाला. सुळक्याच्या बुंध्याशी हायरॅक्स नावाची गुबगुबीत, सशाएवढी जनावरं ऊन खात बसलेली असतात. पुढे दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि मधे सपाट गवताळ मैदान. झेब्रे, थॉमसन्स गॅझेल आणि कोंगोनी ही हरणं, शेपटी उभारून पळणारी रानडुकरं, कधी इलंड हे थोराड हरण, नशीब असेल तर जिराफ. जीप थांबली की जनावर मान वर करून बघतं आणि पुन्हा चरू लागतं. पायी माणूस दिसला की तेच झेब्रे फुरफुरतात, सरकतात, एक जण पहाऱ्याला उभा राहतो. हे गाडीत बसून कळत नाही, आणि एवढ्यासाठी मी मसाई मारापेक्षा हे जंगल वर ठेवतो. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, दुर्बीण न्याच.

भीती बाळगायचीच तर रानम्हशीची बाळगा. कळपापेक्षा एकटा म्हातारा नर जास्त वाईट. झुडपांच्या दाटीत शिरू नका, पायवाट सोडू नका, आणि काळा ठिपका रस्त्याजवळ दिसला तर फोटोच्या मोहात न पडता थांबा. तो हलेपर्यंत वाट बघा किंवा रेंजरची गाडी येऊ द्या.

रस्ता आठेक किलोमीटरवर घळीपाशी संपतो. फार पूर्वी नैवाशा तलावाचं पाणी या वाटेने बाहेर पडायचं, त्या प्रवाहाने कोरलेली ही अरुंद घळ. भिंतींतून गरम पाणी झिरपतं, पायाखाली ऑब्सिडियनचे, म्हणजे काळ्या काचेसारख्या ज्वालामुखी दगडाचे तुकडे. पण लोकांचे जीव गेलेत ते या घळीत. सप्टेंबर २०१९मध्ये अचानक लोंढा आला आणि पर्यटक वाहून गेले. त्याआधी २०१२मध्येही असंच झालं होतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस वर कुठेतरी लांब पडलेला असतो. उतरायला परवानगी आहे का ते रेंजरना विचारा, वाटाड्याशिवाय जाऊ नका, आणि क्षितिजावर ढग दिसले तर परवानगी असूनही काठावरूनच बघा. ऑगस्ट कोरडा असतो, तेवढी सोय आहे. घळीजवळच्या झाडांखाली डबा उघडलात तर बबून माकडं तो पळवतील. महाबळेश्वरची माकडं त्यांच्यापुढे सभ्य वाटतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही. उद्यानात ओल्कारियाचे भूऔष्णिक वीजप्रकल्प आहेत. पहिला संच १९८१चा, म्हणजे उद्यानाच्याही आधीचा. वाफेचे जाडजूड नळ टेकड्यांवरून धावताना दिसतात. काहींना ते खुपतात. मला नाही खुपले. ज्या उष्णतेने हे कडे घडवले तीच तिथे दिवे लावते आहे.

वहिनींचा दम चांगला आहे म्हणता, तर दुसऱ्या दिवशी लाँगोनॉट करा. हे शेजारचंच वेगळं उद्यान, याहून लहान, मधोमध एक निद्रिस्त ज्वालामुखी. फाटकापासून विवराच्या काठापर्यंत तीनेक किलोमीटरचा चढ. संपूर्ण काठाला प्रदक्षिणा घालायची तर आणखी सात किलोमीटर. त्यात २,७७६ मीटरचं शिखर येतं. इथे अजिंक्यताऱ्याचा हिशेब लावू नका. नैवाशा तलावाचा काठच आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) उंच आहे, त्यामुळे पहिल्या चढालाच धाप लागेल. आधी चार दिवस नैरोबीत राहा, शरीर सवयीचं होतं. वाट राखेची, भुसभुशीत. उतरताना घसरते, म्हणून काठी हवीच. वर पाणी नाही. माणशी दोन-तीन लिटर न्या. काठावर पोचून विवरातलं जंगल बघून मागे फिरलात तरी चालेल, प्रदक्षिणेचा हट्ट नको.

मुक्काम तलावाकाठी करा. अंधार पडल्यावर हिप्पो हिरवळीवर चरायला येतात, खोलीबाहेर पडायचं तर पहारेकऱ्याला सोबत घ्या. रात्री स्वेटर लागेल. जेवणाची चिंता नको, गिठेरी म्हणजे मका आणि राजम्याची उसळ बऱ्याच ठिकाणी मिळते आणि चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात. उद्यानाचं शुल्क रोख घेत नाहीत, ऑनलाइन भरावं लागतं. मुलाकडे तिथलं रहिवासी ओळखपत्र असेल तर त्याला कमी दर लागतो, तेव्हा ते त्याला बरोबर घ्यायला सांगा.

प्रश्न : केनियासाठी पीतज्वराची लस खरंच लागते का? ट्रॅव्हल एजंट म्हणतो गरज नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया विचारत नाही, पण परतताना आपला विमानतळ विचारतो. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि ती घेऊन दहा दिवस झाल्यावरच प्रमाणपत्र लागू होतं. मग ते जन्मभर चालतं. साठीपुढच्यांना या लसीचा त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो. वरच्या सातारकरांनीही हे वाचावं आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून मगच तिकीट काढावं.