वाचक विचारतात : शिवणकाम करणाऱ्या बाईंची शाळा

प्रश्न : ज्यू मुलींसाठी 'बेस याकोव्ह' शाळा काढणाऱ्या सारा शेनिरेर यांना कुणीतरी 'ज्यूंच्या सावित्रीबाई' म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि इतक्या कर्मठ धर्मगुरूंनी त्यांना शाळा काढू कशी दिली?

उत्तर : ऐकायला छान वाटतं, पण इथे गाडी उलटी आहे : मुली शाळेत जातच होत्या, नव्हतं ते धर्माचं शिक्षण. साराबाई १८८३ च्या, क्राकूवच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या पण तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात असलेल्या शहरातल्या. तिथे शाळा सक्तीची होती, त्यामुळे हसिदी (ज्यूंमधला एक कर्मठ भक्तिपंथ) घरातली मुलगीसुद्धा सरकारी शाळेत पोलिश शिकायची, कादंबऱ्या वाचायची, आणि तिचा भाऊ मात्र लहानपणापासून धर्मग्रंथांत बुडालेला. मुलीला तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, शिकवणं म्हणजे तिला चवचालपणा शिकवणं असं तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात एका रब्बींचं (धर्मगुरूंचं) मत आहे ना, ते धरून बसलेले लोक. मग व्हायचं काय, तर बाप हिब्रूत प्रार्थना म्हणतोय आणि लेकीला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सगळं जुनाट वाटायला लागतं. १९०३ साली क्राकूवलाच रब्बींच्या परिषदेत मुलींच्या धर्मशाळेचा विषय निघाला होता, तो तिथेच बारगळला.

साराबाई शिवणकाम करायच्या. गिऱ्हाईक बायका मापं देताना फिटिंगसाठी किती काटेकोर असतात, आणि आत्म्याच्या कपड्यांचं काय, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाला जावं लागलं, तिथे हनुक्का या ज्यू सणाच्या दिवसांत रब्बी फ्लेश यांचं युदिथ या ज्यू कथेतल्या शूर नायिकेवरचं प्रवचन ऐकलं आणि मनाने घेतलं की हे आपल्याकडच्या मुलींना ऐकवायचंच.

आता परवानगीचं. भाऊ आधी हसला, मग त्यानेच त्यांना मारियनबाद या गावी बेल्झच्या रेब्बेंकडे (हसिदी पंथाच्या मोठ्या गुरूंकडे) नेलं, चिठ्ठीत लिहिलं की बहिणीला मुलींना धर्माच्या वाटेवर न्यायचंय. रेब्बे दोनच शब्द बोलले, आशीर्वाद आणि यश. संपलं! ज्या घरात त्या वाढल्या तिथे एवढं पुरेसं होतं, बंडबिंड काही नाही (मला तर ही हुशारीच वाटते).

मोठ्या मुलींना भाषणं देऊन बघितली, त्या मनात हसायच्या. म्हणून १९१७ मध्ये २५ लहान मुली घेऊन सुरुवात केली, आणि पुढे आपल्याच किशोरवयीन विद्यार्थिनींना शिक्षिका म्हणून दुसऱ्या गावांत पाठवायला लागल्या. मग अगुदात इस्राएल या कर्मठ ज्यूंच्या संघटनेने हे काम अंगावर घेतलं, क्राकूवला शिक्षिका तयार करणारं सेमिनरी उभं राहिलं. १९३५ ला त्या गेल्या तेव्हा शाळा २०० च्या वर होत्या. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण विद्यार्थिनी त्यांना आईच म्हणायच्या.