कार्बन परमिटचा भाव कोण ठरवतं, सरकार का बाजार?

तुम्ही विचारलंय की धूर सोडायची परवानगी बाजारात विकत मिळते तर तिचा भाव कोण ठरवतं, आणि गावात झाडांनी शोषलेल्या कार्बनवर मिळणारं, विकता येणारं क्रेडिट तेच का. मी जालन्यात सळईच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, त्यामुळं हा विषय मी लई मन लावून वाचतो.

सरकार भाव ठरवत नाही, माल किती काढायचा ते ठरवतं. मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की भाव पडतो तसंच, फक्त इथली आवक पावसावर नाही, कायद्यावर. युरोपात 2005 पासून हे चालू आहे. एकूण किती कार्बन सोडायचा याची मर्यादा ठरते, ती दरवर्षी खाली आणतात, आणि तेवढीच परमिटं निघतात, एक परमिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. काही कारखान्यांना फुकट मिळतात, बाकी लिलावात. वर्षाचा हिशोब झाला की जेवढा धूर तेवढी परमिटं जमा करायची, कमी पडली तर टनामागे 100 युरोच्या वर दंड आणि राहिलेली परमिटं तरी द्यावीच लागतात.

आता भाव. समजा एका कारखान्याला भट्टी सुधारून एक टन कमी करायला 800 रुपये लागतात आणि दुसऱ्याला 3000, तर पहिला जास्त कमी करून उरलेली परमिटं विकतो, दुसरा घेतो, भाव मधे कुठंतरी बसतो आणि धूर जिथं स्वस्तात कमी होतो तिथं आधी कमी होतो. गॅस महागला की वीजवाले कोळशाकडं वळतात, कोळशात त्याच विजेला जवळपास दुप्पट कार्बन, मग परमिटची मागणी वाढते. कडाक्याची थंडी पडली तरी तेच.

पण मर्यादाच ढिली असली तर सगळं फुकट. एप्रिल 2006 मध्ये युरोपात खऱ्या धुराचे आकडे आले, परमिटं गरजेपेक्षा जास्त वाटली गेलीत हे कळलं आणि 30 युरोच्या आसपासचा भाव काही दिवसांत निम्म्यावर आला, 2007 संपता संपता जवळपास शून्य, कारण ती परमिटं 2008 मध्ये चालणार नव्हती. पुढं मंदीत कारखाने थंडावले, परत परमिटं साचली. 2019 पासून जास्तीची परमिटं बाजारातून काढून राखीव ठेवायला लागले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये भाव 100 युरोच्या वर गेला. माझ्या मते या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, मर्यादा कडक पाहिजे.

आपल्याकडं 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत, लोखंड-पोलाद अशा क्षेत्रांसाठी. यात एकूण धुरावर मर्यादा नाही, टनभर मालामागं किती कार्बन याचं टार्गेट असतं, त्याच्या खाली राहिलात तर सर्टिफिकेट मिळतं, वर गेलात तर विकत घ्यायचं. म्हणजे उत्पादन वाढलं तर एकूण धूर वाढू शकतो, म्हणून टार्गेट कडकच पाहिजे.

झाडांचं क्रेडिट मात्र वेगळं. ते बहुतेक करून स्वतःहून घेणाऱ्या कंपन्यांना विकलं जातं, कायद्यानं घ्यावंच लागतं असं नाही, त्यामुळं भावाची हमी नाही. एजंटच्या कागदावर सही करायच्या आधी मोजणी कोण करणार, पैसे कधी, आणि झाडं किती वर्षं तोडायची नाहीत हे लिहून घ्या.