४ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर सर्वांत वेगवान आणि भरवशाचा ब्राउझर कोणता?

तुम्ही दिलेली माहिती अशी: चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. क्रोम अधूनमधून हँग होतो, आईंचे यूट्यूबवरचे व्हिडिओ अडखळतात, वडिलांना बँकेच्या आणि पेन्शनच्या साइट लागतात आणि लाईट केव्हाही जाते. त्यावर विचारलंय की क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ओपेरा यांतला कोणता घ्यावा.

आधी उत्तर देतो, मग कारणं. रोजच्या वापराला फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं पूरक सॉफ्टवेअर) टाका. बँक आणि सरकारी कामांसाठी एज ठेवा, तो विंडोजसोबत आलेलाच आहे. मात्र नुसता ब्राउझर बदलून तुमचा सगळा त्रास जाणार नाही.

तुम्ही घेतलेल्या पाच नावांपैकी चार जण आतून एकच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ओपेरा हे सगळे क्रोमियम या गूगलच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभे आहेत, पान उभं करणारं इंजिन तेच, ब्लिंक. ओपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, एज २०२० च्या जानेवारीत क्रोमियमवर आला. त्यामुळे एखादी साइट उघडायला या चौघांना लागणाऱ्या वेळात घरी बसून जाणवेल असा फरक नसतो. फरक पडतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी: जाहिराती कोण अडवतं, वापरात नसलेले टॅब मेमरीतून कोण काढतं, बंद केल्यावरही मागे कोण चालू राहतं. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, गेको. २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ वी आवृत्ती आली तेव्हा त्याचा मोठा भाग नव्याने बांधला गेला. ‘फायरफॉक्स जड आहे’ हे अजून सांगणारे बरेच जण त्याच्या आधीच्या अनुभवावरून बोलतात.

वेगाच्या चाचण्यांचे आकडे बघून निवड करू नका. स्पीडोमीटर ३ ही चाचणी चांगली आहे, २०२४ मध्ये ॲपल, गूगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणली. पण ती एका टॅबमध्ये वेबॲप किती चटकन प्रतिसाद देतं हे मोजते. ४ जीबीत दहा-बारा टॅब उघडे असताना, शेजारी अँटिव्हायरस हार्डडिस्क खरवडत असताना काय होतं, ते तिच्यात येत नाही. तुमचं दुखणं नेमकं तिथे आहे.

आणखी एक गोष्ट फार जणांना फसवते. नवा ब्राउझर टाकला की पहिले चार दिवस तो पळतोच. त्यात एक्सटेन्शन नसतात, लॉगिन नसतात, जमलेला कचरा नसतो. म्हणून तुलना करायची असेल तर क्रोममध्ये आधी एक नवं कोरं प्रोफाइल बनवा आणि तीच कामं त्यात करून बघा. नव्या प्रोफाइलमध्ये क्रोम सुरळीत चालला, तर दोष बहुधा जुन्या प्रोफाइलमधल्या एखाद्या एक्सटेन्शनचा आहे. कोणतं ते शोधायला शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्सटेन्शन किती मेमरी खातंय ते ओळीने दिसतं. कूपनं शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी, ‘सेफ सर्च’ म्हणवणारी एक्सटेन्शन दिसली तर सरळ काढून टाका. घरच्या मशीनवर ती बहुतेक वेळा कुठल्या तरी सॉफ्टवेअरबरोबर न विचारता आलेली असतात.

आता फायरफॉक्सच का. मराठी बातम्यांच्या साइट उघडून बघा: बातमी चार परिच्छेदांची, पण वर, खाली, मध्ये जाहिराती आणि कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. तुमच्या आय३ चा जीव त्या जाहिराती चालवण्यात जातो. म्हणून जुन्या मशीनवर जाहिराती अडवणं हाच सर्वांत मोठा वेगवाढीचा उपाय आहे. यूब्लॉक ओरिजिन यात अव्वल, पण क्रोमने एक्सटेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये ते तिथे बंद झालं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते, ती वाईट नाही, पण तिचे हात बांधलेले आहेत. फायरफॉक्सवर मूळ यूब्लॉक पूर्ण ताकदीने चालतं. घरच्यांना क्रोमचीच सवय असेल आणि काही केल्या बदल नको असेल, तर ब्रेव्ह द्या. दिसायला जवळपास तसाच, आणि जाहिराती अडवणं त्याच्या पोटातच असल्यामुळे एक्सटेन्शनच्या नियमांशी त्याचं अडत नाही. ओपेरात जुन्या मशीनला उपयोगी पडेल असं मला काही वेगळं दिसत नाही.

आईंच्या व्हिडिओंचं कारण वेगळंच आहे आणि ते कोणत्याही ब्राउझरमध्ये तसंच राहील. यूट्यूब आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. तुमच्या चौथ्या पिढीच्या इंटेलमधल्या ग्राफिक्सला जुनी एच२६४ पद्धत नीट उलगडता येते, पण व्हीपी९ साठी पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ साठी अकराव्या पिढीपासून आली. मग ते काम प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंगावतो आणि चित्र अडकतं. खात्री करायला चालू व्हिडिओवर राईट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. ‘कोडेक्स’च्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं आणि ‘फ्रेम्स’च्या ओळीतला ‘ड्रॉप्ड’ (गळलेल्या चित्रांचा) आकडा वाढत असेल, तर निदान झालं. उपाय म्हणजे ‘एच२६४आयफाय’ हे छोटं एक्सटेन्शन. ते यूट्यूबला जुन्याच पद्धतीने व्हिडिओ पाठवायला लावतं. या पद्धतीत १०८०पी च्या वर चित्र मिळत नाही, पण घरच्या साध्या मॉनिटरला त्याहून जास्त लागतही नाही. शिवाय सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सलरेशन’ (व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे देणारी सोय) चालू आहे का तेही बघा. कुणीतरी कधीतरी ते बंद करून ठेवलेलं असतं.

भरवशाबद्दल. लाईट जाणाऱ्या घरात भरवसा म्हणजे मशीन परत सुरू झाल्यावर टॅब जिथल्या तिथे मिळणं. फायरफॉक्स उघड्या टॅबची यादी मूळ सेटिंगनुसार दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहितो. लाईट आल्यावर टॅब स्वतःहून आले नाहीत, तर ‘हिस्टरी’ मेनूतलं ‘रिस्टोअर प्रीव्हियस सेशन’ निवडा. क्रोम आणि एजमध्ये पाने परत आणू का असं विचारणारी छोटी चौकट येते. ती चुकून बंद झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा. पण अर्धा भरलेला फॉर्म परत मिळेल यावर विसंबू नका. वडिलांना पेन्शनचा फॉर्म भरायचा असेल तर इन्व्हर्टर चालू असताना, आणि मधे ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल तर तो दाबत दाबत भरा.

त्या कामाला एज सुचवला कारण बँकांच्या आणि सरकारी साइट बहुधा क्रोमवर तपासलेल्या असतात आणि एजचं इंजिन तेच आहे. एखादी जुनी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमध्ये तिला एक्सप्लोररसारखं उघडणारा आयई मोड आहे. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवायचं सांगितलं आहे. या एजमध्ये एकही एक्सटेन्शन टाकू नका, ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा (तो मशीन सुरू झाल्यापासून मेमरी अडवून बसतो) आणि ‘स्लीपिंग टॅब्स’ (वापरात नसलेले टॅब झोपवणारी सोय) चालू ठेवा. क्रोम राहणार असेल तर त्याचा ‘मेमरी सेव्हर’ चालू करा आणि ब्राउझर बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवायची परवानगी काढून घ्या.

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशा चौकटी कोपऱ्यात येत असतील तर घाबरू नका आणि त्यातल्या नंबरवर फोन तर मुळीच करू नका. कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे, इतकंच. सेटिंग्जमध्ये जाऊन ती यादी रिकामी करा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवा किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करा. फायरफॉक्स तिथेही हाच आणि असाच मिळतो. निदान ब्राउझरचे अपडेट कधी थांबवू नका.

आणि थोडा खर्च करायची तयारी असेल तर ब्राउझरच्या आधी मशीनकडे बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा. ब्राउझर चालू असताना डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा, या वयाच्या मशीनला दुसरं कशाने इतकं बळ येत नाही. त्याच ठिकाणी ‘मेमरी’वर क्लिक केलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. दोनपैकी एकच भरलेला असेल तर रॅमची आणखी ४ जीबीची पट्टी बसते. तुमच्या पिढीच्या बोर्डाला डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम लागते, डीडीआर४ खाचेत बसतच नाही, तेव्हा दुकानात जाताना आतल्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या.